फ्यूज मोठा टाकू नका, दरवाजाचं पॅनल खोला



काच कधी चालते, कधी मध्येच अडते. सेंट्रल लॉक एकाच बाजूचं पडतं. दरवाजातला स्पीकर खड्ड्यात बोलतो आणि सपाट रस्त्यावर गप्प होतो. फ्यूज बदलला की चार दिवस बरे जातात, मग तो पुन्हा उडतो. तुमच्या ट्रकला, टेम्पोला किंवा पिकअपला यातलं काही होत असेल, तर नवी मोटर आणायला धावू नका आणि फ्यूज तर मुळीच मोठा टाकू नका. आधी एक तपासणी करा, तिला एक पैसा लागत नाही. चावी फिरवा, काचेचं बटण दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने दरवाजा अगदी हळू उघडा, अर्धा लावा, पुन्हा उघडा. एखाद्या कोनात काच हलली आणि दरवाजा पुढे सरकताच थांबली, तर मोटर चांगली आहे आणि बटणही चांगलं आहे. वायर तुटली आहे. ती कुठे तुटली आहे तेही तुम्हाला तिथेच कळलं. बिजागरीजवळ जो रबरी बूट दिसतो, त्याच्या आत.

दरवाजाच्या वायरिंगचा बिघाड बहुतेक वेळा इथेच असतो. केबिनकडून येणारा वायरींचा जुडगा पुढच्या पिलरमधून बाहेर पडतो, वीतभर रबरी नळीतून दरवाजाच्या पत्र्यात शिरतो आणि मग आत मोटर, लॉक, स्पीकर, आरसा असा वाटला जातो. दरवाजा उघडला की तो ताणला जातो, लावला की दुमडतो, आणि दर वेळी त्याच जागी. तांबं मऊ असलं तरी एकाच जागी हजारो वेळा वाकवलं की त्याचा एकेक तंतू तुटत जातो. वाशीच्या मार्केटमधून भाजी उचलून उपनगरातल्या दुकानादुकानांत पोचवणारी पिकअप घ्या. ड्रायव्हर दिवसाला पन्नास वेळा चढला-उतरला असं धरलं, तरी वर्षाला अठरा हजारांहून जास्त वेळा तो दरवाजा उघडतो आणि लागतो. ड्रायव्हरच्या बाजूचाच दरवाजा आधी का बिघडतो, याचं वेगळं कारण शोधायला नको.

त्यात आपली एक सवय भर घालते. उंच केबिनमध्ये चढताना बरेच जण दांड्याऐवजी दरवाजालाच लोंबकळतात. वर्ष-दोन वर्षांत बिजागरी ढिली होते, दरवाजा थोडा खाली बसतो आणि रबरी बूट पत्र्याच्या कडेत चिमटला जातो. मग वायर वाकून तुटण्याबरोबर घासूनही उघडी पडते. किनाऱ्यावरच्या गाड्यांचं दुखणं आणखी वेगळं. रत्नागिरी, मालवणच्या बंदरांवरून मासळी वाहणाऱ्या गाडीचा बूट फाटला की खारी हवा आणि पाणी आत जातं, तांबं हिरवं पडतं आणि बाहेरून धडधाकट दिसणारी वायर आतून भुकटी झालेली असते.

आता फ्यूजबद्दल. गाडीतला फ्यूज मुख्यतः वायर वाचवण्यासाठी असतो. जेवढा करंट ती वायर न तापता वाहू शकते, त्याच्या आत फ्यूज वितळावा असा हिशोब करून कंपनी त्याचा आकडा ठरवते. पात्याच्या फ्यूजमध्ये १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा आणि ३० चा हिरवा असतो. पिवळा सारखा उडतो म्हणून त्याच्या जागी हिरवा लावला, तर फ्यूज उडायचा थांबेल, पण वायर तापायची थांबणार नाही. वायरीतली उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. करंट २० वरून ३० वर गेला, म्हणजे दीडपट झाला, की तापणं सव्वादोन पट होतं. त्या जुडग्यात शेजारीशेजारी आणखी पाच-सात वायरी चिकटून असतात. एकीचं आवरण वितळलं की ते एकीवर थांबत नाही. फ्यूजमध्ये तांब्याची तार गुंडाळणं किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालणं हे तर त्याहून वाईट, कारण तिथे आकडाच राहिला नाही.

हे मी जोर देऊन सांगतो, कारण आपले लांब पल्ल्याचे ड्रायव्हर गाडीतच झोपतात. कळंबोलीला माल भरायचा नंबर लागेपर्यंत किंवा कारखान्याच्या गेटबाहेर रात्र काढताना केबिन हेच त्यांचं घर असतं. त्या घरात फोमची गादी, रेक्झिन, पडदे, ब्लँकेट सगळं पेटणारं. आणि दरवाजात जाणाऱ्या सगळ्या वायरी चावी काढल्यावर मरत नाहीत. लॉकची वायर आणि केबिनच्या दिव्याची वायर बहुतेक गाड्यांत रात्रभर जिवंत असते. दिवसा कुणीतरी घाईत टाकलेल्या मोठ्या फ्यूजचा धोका रात्री झोपलेल्या माणसाच्या डोक्याशी येऊन बसतो. मालकाने हे एकदा डोळ्यांसमोर आणावं, मग अर्धा दिवस गाडी उभी ठेवायला मन तयार होईल.

दुसरा चुकीचा इलाज म्हणजे डायरेक्ट वायर. जुनी वायर सापडत नाही म्हणून बॅटरीकडून नवी वायर ओढायची, दरवाजाच्या फटीतून आत घ्यायची, डॅशबोर्डवर एक टॉगल बटण ठोकायचं आणि काच चालू करून द्यायची. फटीतून गेलेली वायर दर वेळी दरवाजाखाली चेपली जाते. तिला फ्यूज नसतो किंवा असला तरी कुठे लपवलाय ते पुढच्याला कळत नाही. चासी घेऊन केबिन बाहेर बांधून घेतलेल्या जुन्या गाड्यांत आणि मागाहून पॉवर विंडो किंवा सेंट्रल लॉकचा सेट बसवलेल्या पिकअपमध्ये असं काम फार दिसतं. पत्र्याला ड्रिलने भोक पाडलेलं असतं, त्या भोकाच्या धारेवरून वायर गेलेली असते आणि पाच रुपयांचं रबरी ग्रोमेट कुणी लावलेलं नसतं. तुमच्या गाडीत असं काही असेल तर बिघाड होण्याची वाट न पाहता ते काढून टाका.

काच खाली येणं ही चैनीची गोष्ट नाही, हेही लक्षात घ्या. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या, साडेतीन टनांहून जास्त एकूण वजनाच्या मालवाहू गाड्यांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला आहे. उन्हातान्हात गाडी हाकणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हे फार आधी व्हायला हवं होतं. पण एसी आला की काचा बंद राहणार. अपघातात दरवाजा चेमटला, लॉक अडकलं किंवा केबिनमध्ये धूर झाला तर बाहेर पडायची वाट ही काचच असते. बाजूची काच टफन्ड असते, कोपऱ्यावर टोकदार घाव बसला की तिचा चुरा होतो. समोरची काच तशी फुटत नाही. म्हणून वायरिंग नीट असलं तरी काच फोडायची छोटी हातोडी ड्रायव्हरच्या हाताशी असू द्या.

पॅनल स्वतः खोलावं की वायरमनकडे जावं? गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीच्या वर्कशॉपलाच द्या, नाहीतर पुढचा दावा अडचणीत येईल. दरवाजात पिवळं कपलर किंवा पिवळ्या आवरणाची वायर दिसली तर तिला हात लावू नका, ती एअरबॅगच्या यंत्रणेची असण्याची शक्यता मोठी. नव्या गाड्यांत दोन बारीक वायरी एकमेकींभोवती पिळून गेलेल्या दिसतात, त्यांतून दरवाजाचं मॉड्यूल बाकीच्या गाडीशी बोलतं. त्यांना टेस्ट लॅम्प लावायचा नाही आणि त्यांचा पीळ उलगडायचा नाही. हे सोडलं, तर साध्या पॉवर विंडोचं, लॉकचं, स्पीकरचं काम हाताला वळण असलेल्या कुणालाही जमण्यासारखं आहे. वायरमनकडे गेलात तरी खाली लिहिलेलं सगळं उपयोगी पडेल, कारण तो काय करतोय हे तुम्हाला कळेल आणि काय करत नाहीये तेही.

जागा आधी निवडा. ट्रकचा दरवाजा हमरस्त्याच्या कडेला उघडून काम करू नका, कितीही छोटं काम असलं तरी. उंच दरवाजा वाऱ्याने फिरतो, आणि जवळून जाणाऱ्या गाडीला तुमचं डोकं दिसत नाही. सपाट जागा, सावली, हँडब्रेक, चाकाला ओट. पायरीवर एका पायाने उभं राहून पॅनल ओढण्यापेक्षा पक्का स्टूल घ्या आणि एक माणूस सोबतीला ठेवा.

मग बॅटरी. मायनसची वायर आधी काढायची आणि शेवटी लावायची. प्लस आधी काढायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर तिथल्या तिथे शॉर्ट. मोठ्या ट्रकला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात, तिथे कट-ऑफ स्विच असेल तर तो वापरा. एक सूचना युरियाच्या टाकीवाल्या गाड्यांसाठी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा आलं आणि मोठ्या गाड्यांत युरिया फवारणारी यंत्रणा सर्रास दिसू लागली. गाडी बंद केल्यावर ती यंत्रणा नळ्यांतला युरिया परत टाकीत ओढून घेते. चावी काढल्या काढल्या करंट तोडलात तर तो नळीतच सुकून बसतो. काही मिनिटं थांबा, मगच बॅटरी काढा.

आता पॅनल. मोबाइलने आधी फोटो काढा, पूर्ण दरवाजाचा आणि प्रत्येक कोपऱ्याचा. पॅनल स्क्रू आणि क्लिप अशा दोन्हींवर धरलेलं असतं, आणि सगळे स्क्रू दिसतील असे नसतात. दरवाजा उघडायच्या आतल्या खटक्यामागे एक असतो, ओढून धरायच्या हँडलच्या खोबणीत छोट्या टोपणाखाली एक-दोन असतात, आरशाच्या आतल्या तिकोनी झाकणाखाली असू शकतो आणि खालच्या कडेला दोन-तीन. पॅनल एका जागी हट्टाने अडत असेल तर जोर लावू नका, तिथे स्क्रू राहिलेला आहे.

एका बाजूला हाताने फिरवायची काच असेल, तर तिचं हँडल काढायला एक जुनी युक्ती आहे. हँडल आणि पॅनल यांच्यामध्ये घोड्याच्या नालाच्या आकाराची स्प्रिंगची क्लिप असते. फडक्याची लांब पट्टी हँडलच्या मागून घालून, दोन्ही टोकं धरून, बूट पुसल्यासारखी मागेपुढे ओढा. फडकं क्लिपच्या टोकांना अडकतं आणि ती टचकन उडते. ती कुठे पडली ते बघा, कारण तशी दुसरी लगेच मिळत नाही. काही हँडलना क्लिप नसून मधोमध टोपणाखाली स्क्रू असतो, म्हणून आधी टोपण तपासा.

क्लिप काढताना खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात करा. स्क्रू-ड्रायव्हरने पॅनल उचकटलं की रंग जातो आणि क्लिपचं डोकं पॅनलमध्येच मोडतं. प्लास्टिकची चपटी पट्टी मिळते ती घ्या, कडेने आत सरकवा आणि क्लिपच्या अगदी जवळ नेऊन मगच उचला. क्लिप सुटल्याचा टक् असा आवाज हाताला जाणवतो. थंडीच्या सकाळी प्लास्टिक कडक असतं आणि पटकन तुटतं, गाडी तासभर उन्हात राहिली की तेच काम सोपं होतं. चार-पाच क्लिप तुटतील असं धरून नव्या आधीच आणून ठेवा. स्वस्त वस्तू आहे, आणि तुटलेल्या क्लिपवर बसवलेलं पॅनल पुढे वर्षभर खडखडतं.

सगळ्या क्लिप सुटल्या की पॅनल स्वतःकडे ओढायचं नाही. त्याची वरची कड काचेच्या फटीत अडकवलेली असते, म्हणून ते सरळ वर उचलायचं. आणि उचलून झालं तरी लांब न्यायचं नाही, कारण मागे बटणांची कपलरं आणि आतल्या खटक्याची केबल अजून जोडलेली असते. सोबतच्या माणसाने पॅनल धरायचं, तुम्ही मागे हात घालून कपलरचा खटका दाबून ते सोडवायचं. वायर धरून कपलर ओढलं तर एक बिघाड दुरुस्त करताना दुसरा तयार होईल. केबल कशी बसली होती त्याचा फोटो इथे पुन्हा काढा. पुढे हाच फोटो कामाला येतो.

पॅनलमागे प्लास्टिकचा कागद दिसेल, काळ्या चिकट डिंकाने पत्र्याला चिकटवलेला. बहुतेक ठिकाणी तो फाडून फेकतात. तसं करू नका. पावसात काचेवरून ओघळणारं पाणी बाहेरच्या रबरातून दरवाजाच्या पोटात जातंच, तशीच रचना आहे. ते पाणी तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. हा कागद ते पाणी आतल्या पॅनलवर आणि केबिनमध्ये येऊ देत नाही. तो गेला की पावसाळ्यात पायाखालचं मॅट ओलं राहतं, पुठ्ठ्याचं पॅनल फुगतं आणि पाणी बटणांच्या कपलरमध्ये जातं. काही गाड्यांत फ्यूजचा डबा पायाजवळच असतो, मग तो ओलावा कुठे पोचतो ते वेगळं सांगायला नको. कागद कोपऱ्यातून हळू सोडवा, डिंक ताणला गेला तर पात्याने कापत जा, आणि त्याला धूळ लागू देऊ नका. फाटलेलाच असेल तर जाड प्लास्टिक त्याच मापाने कापून घ्या.

दरवाजाच्या पोटात हात घालण्याआधी काच वर करून चिकटपट्टीने चौकटीला बांधा. काच वर-खाली करणाऱ्या मशीनचे हात कात्रीसारखे मिटतात आणि मोटरला बोट आणि काच यातला फरक कळत नाही. आतल्या पत्र्याच्या कडा धारदार असतात, हातमोजे घाला.

आता त्या रबरी बुटाकडे. त्याचं पिलरकडचं टोक बोटांनी दाबून बाहेर काढा आणि मागे सरकवा. आत कापडी टेप असेल तर ती उलगडा. प्रत्येक वायर वेगळी धरा, चिमटीत घेऊन हलकेच ताणा. चांगली वायर ताणली जात नाही. आत तांबं तुटलेलं असेल तर नुसतं प्लास्टिकचं आवरण राहिलेलं असतं आणि ते रबरासारखं लांबतं. डोळ्यांना ती वायर पूर्णपणे शाबूत दिसत असते, म्हणून नुसतं बघून पुढे जाऊ नका, प्रत्येक वायर ताणून बघा. एखाद्या आवरणावर बांगडीसारखी गोल चीर दिसेल, तिथून तांबं डोकावत असेल तर फ्यूज उडवणारी वायर तीच. एक तुटली असेल तर शेजारच्या एक-दोन तुटायच्या बेतात असतात. त्याही आजच करून टाका.

खात्री करायची तर बॅटरी पुन्हा जोडा, बटणाचं कपलर लावा, हात दरवाजाबाहेर ठेवा आणि मोटरचं कपलर सोडवून तिथे टेस्ट लॅम्प लावा. इथे बरेच जण फसतात. साध्या पॉवर विंडोत बटण दाबलेलं नसताना मोटरच्या दोन्ही वायरी बटणातून अर्थला जोडलेल्या असतात. बटण दाबलं की एकीला प्लस मिळतो आणि दुसरी अर्थवरच राहते. उलट बाजूला दाबलं की उलट होतं. म्हणून लॅम्पची दोन टोकं या दोन वायरींवरच लावा. एक टोक बॉडीला लावलं तर प्लस पोचला एवढंच कळतं. परतीची वायर तुटलेली असली तरी लॅम्प लागतो आणि आपण चांगल्या मोटरला खराब म्हणून मोकळे होतो. किती चांगल्या मोटर अशा भंगारात जातात!

एकट्या मल्टीमीटरवरही विसंबू नका. एकाच तंतूवर लटकलेली वायर मीटरवर पूर्ण १२ व्होल्ट दाखवते, कारण मीटर स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही. इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब लावा, तो १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर ओढतो. वायर चांगली असेल तर झगझगीत लागेल, अर्धी तुटलेली असेल तर मिणमिणेल. २४ व्होल्टच्या ट्रकला २४ चा बल्ब घ्या.

दुरुस्ती करताना बॅटरी पुन्हा काढायची. तुटलेल्या जागी दोन टोकं सोलून, पीळ मारून, वर काळी टेप गुंडाळायची, हा इलाज आपल्याकडे इतका रुळलाय की तोच खरा वाटतो. तो महिनाभर टिकतो. टेपचा गोंद उन्हाळ्यात सुटतो, पीळ ढिला होतो, आणि जोड नेमका तिथेच असतो जिथे वायर रोज वाकते. सोल्डर मारला तरी तोच प्रश्न उरतो. सोल्डर तंतूंमध्ये थोडा पुढे झिरपतो, तेवढा भाग ताठ होतो आणि ताठ भाग जिथे संपतो तिथे वायर पुन्हा तुटते. म्हणून वाकणाऱ्या भागात जोडच नको. तुटलेला तुकडा दोन्हीकडून लांबवर कापून टाका आणि मध्ये नवी वायर घाला, इतकी लांब की एक जोड दरवाजाच्या पोटात येईल आणि दुसरा पिलरच्या आत, दोन्ही न हलणाऱ्या जागी. पॅनल खोलायचं ते याच कामासाठी. बुटातल्या बुटात उरकलेलं काम परत येतं.

नवी वायर गाडीचीच घ्या, बारीक आणि भरपूर तंतूंची, जाडीला जुनीइतकी किंवा किंचित जास्त. घरातल्या वायरिंगची उरलेली वायर इथे चालत नाही. तिचे तंतू जाड असतात, लवकर तुटतात, आणि तेल-उष्णतेला तिचं आवरण टिकत नाही. रंग जुळवा. जुळत नसेल तर दोन्ही टोकांना खुणेची पट्टी बांधा. जोडाला क्रिम्पिंग स्लीव्ह आणि योग्य पक्कड वापरा, दाबून झाल्यावर ओढून बघा, आणि वर आतून गोंद असलेली श्रिंक नळी चढवा. ती नळी जोडायच्या आधी वायरीवर सरकवून ठेवायला विसरू नका. चार वायरी जोडायच्या असतील तर चारही जोड एकाच जागी आणू नका, पुढेमागे ठेवा, म्हणजे जुडगा जाड होणार नाही आणि जोड एकमेकांना घासणार नाहीत. शेवटी दरवाजा पूर्ण उघडून बघा. वायरी तंग झाल्या तर लांबी कमी पडली, पुन्हा करा. कापडी टेप सैलसर गुंडाळा आणि बूट दोन्ही भोकांत नीट बसवा. बूट फाटला असेल तर नवा टाका, टेपने सांधू नका.

बिजागरी खाली बसली असेल तर वायरिंगच्या आधी ती सरळ करून घ्या. तिला वेल्डिंग लागणार असेल तर बॅटरी सुटलेली हवी आणि जुडगा तिथून बाजूला काढलेला हवा. वेल्डरला हे आपणहून सांगा. त्याचं लक्ष लोखंडाकडे असतं.

मालक मंडळींना वेगळी विनंती. ड्रायव्हरने काच अडते म्हणून सांगितलं की "चालतंय तोवर चालू दे" हे उत्तर देऊ नका. त्याला अर्धा दिवस द्या आणि त्या अर्ध्या दिवसाचा पगार कापू नका. वायरमनशी घासाघीस करताना त्याने पॅनल खोललं का, बूट उघडला का आणि जोड कुठे दिलाय, हे विचारा. जो दाखवतो त्याला मागेल ते द्या. पाच मिनिटांत फ्यूज बदलून देणारा स्वस्त वाटतो, पण तीच गाडी पुन्हा त्याच्या दारात उभी राहते आणि मधल्या काळात तुमचा माणूस त्या केबिनमध्ये झोपलेला असतो. ड्रायव्हर बंधूंनी आपल्या बाजूने मोठा फ्यूज टाकायला सरळ नकार द्यावा. गाडी दुसऱ्याची असली तरी जीव तुमचा आहे.

पॅनल पुन्हा बसवण्याआधी, दरवाजा उघडा ठेवूनच लॉकची चाचणी घ्या. दरवाजाच्या कडेला जो लॉकचा दात दिसतो तो स्क्रू-ड्रायव्हरने फिरवा, म्हणजे लॉकला दरवाजा लागल्यासारखं वाटेल. मग आतला खटका ओढा, दात सुटला पाहिजे. पुन्हा फिरवा, बाहेरचं हँडल ओढा. चावीने आणि बटणाने लॉक करून बघा, उघडून बघा. खटक्याची केबल चुकीची बसली असेल आणि तुम्ही आधीच दरवाजा आपटून लावला, तर बंद दरवाजाचं पॅनल आतून काढणं फार कठीण जातं. चाचणीनंतर दात मोकळा करायला विसरू नका, नाहीतर दरवाजा लावताना तो खांबावरच्या आकड्यावर आपटून मोडेल.

कागद पूर्ण चिकटवा, तळाची भोकं चिखलाने बुजली असतील तर तारेने मोकळी करा, कपलरं लावा, पॅनलची वरची कड आधी फटीत बसवा आणि मग क्लिप तळहाताने एकेक दाबत या. स्क्रू शेवटी. मूळ आकड्याचाच फ्यूज जागेवर आहे ना ते बघा. मग पाइपने काचेवर दोन मिनिटं पाणी सोडा. पाणी दरवाजाच्या खालून ठिबकलं पाहिजे आणि आत पायापाशी हात फिरवला तर कोरडं लागलं पाहिजे. गाडीच्या कागदपत्रांत एक चिठ्ठी ठेवा, तारीख, कोणता दरवाजा, कोणत्या रंगाच्या वायरी बदलल्या, जोड कुठे आहेत. पुढच्या वेळी जो कुणी हा दरवाजा खोलेल, त्याला सुरुवात कुठून करायची ते कळेल.